सपाट म्हणजे अनंत नव्हे: विश्वाच्या आकाराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विश्वाचा 'आकार' म्हणजे नेमके काय?

मराठीत या शब्दाने घोळ होतो. खोली चौकोनी आकाराची असते आणि तिचा आकार लहानही असतो. विश्वाबद्दल बोलताना तीन गोष्टी सुट्या कराव्या लागतात. पहिली वक्रता: दोन समांतर किरण पुढे जवळ येतात, दूर जातात की समांतरच राहतात? दुसरी टोपॉलॉजी, म्हणजे मराठीत संस्थितिविज्ञान: अवकाश स्वतःलाच कुठे आणि कसे जोडलेले आहे? सरळ जात राहिले तर निघालो तिथेच पोचू का? तिसरी गोष्ट आकारमान.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आज बऱ्यापैकी अचूक मिळाले आहे. दुसऱ्याचे मिळालेले नाही. बातम्यांमध्ये पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवले जाते आणि 'विश्व सपाट आहे, म्हणून अनंत आहे' असे वाक्य तयार होते. त्यातला 'म्हणून' चुकीचा आहे.

सपाट म्हणजे भाकरीसारखे का?

नाही. इथे 'सपाट' म्हणजे शाळेतली युक्लिडची भूमिती जिथे लागू पडते असे तीन मितींचे अवकाश. त्यात त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशच असते, मग त्रिकोण केवढाही असो. धन वक्रतेच्या अवकाशात ती जास्त भरते, ऋण वक्रतेच्या अवकाशात कमी.

वक्रता आतूनच मोजता येते, बाहेर जाऊन पाहावे लागत नाही. मुंबई, पुणे आणि नाशिक यांना जोडणारा त्रिकोण साधारण ८,२०० चौरस किलोमीटरचा आहे. पृथ्वीच्या पृष्ठावर दर १९७ चौरस किलोमीटरमागे कोनांची बेरीज १ विकलेने, म्हणजे अंशाच्या ३,६००व्या भागाने, वाढते. म्हणून या त्रिकोणात ती १८० अंशांहून सुमारे ४२ विकलांनी जास्त भरेल. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानाची त्रिकोणमितीय मोजणी करणाऱ्यांना हा फरक हिशेबात धरावाच लागे. त्रिकोण जेवढा मोठा तेवढा फरक ठळक, म्हणून विश्वाची वक्रता मोजायची तर शक्य तेवढा मोठा त्रिकोण घ्यावा लागतो.

एवढा मोठा त्रिकोण आणायचा कुठून?

महास्फोटानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी विश्व पारदर्शक झाले. तेव्हा सुटलेला प्रकाश आज सर्व दिशांनी, २.७२५ केल्विन तापमानाच्या सूक्ष्मतरंगांच्या रूपात येतो. त्यालाच पार्श्वप्रारण म्हणतात. ते जिथून सुटले तो गोल आपल्याभोवती आजच्या अंतराने सुमारे ४५ अब्ज प्रकाशवर्षांवर आहे.

त्या आधीच्या तप्त प्लाझ्मात ध्वनिलहरी धावत होत्या. पारदर्शक होण्याच्या क्षणापर्यंत ध्वनी किती अंतर कापू शकला हे भौतिकशास्त्रातून काढता येते. आजच्या मापात ते सुमारे ४७ कोटी प्रकाशवर्षे भरते. ही आपली मोजपट्टी. तिची लांबी माहीत, तिचे अंतर माहीत, मग ती आकाशात किती अंशांची दिसते ते पाहायचे. सपाट अवकाशात ०.४७ भागिले ४५, म्हणजे साधारण ०.०१०४ रेडियन, अर्थात ०.६ अंश. प्लँक उपग्रहाने मोजलेला कोन ०.५९६५ अंश आहे. (नकाशात सर्वांत ठळक दिसणारे गरम-थंड डाग साधारण १ अंशाचे असतात.) धन वक्रता भिंगासारखे काम करते, त्यामुळे डाग मोठे दिसतात. ऋण वक्रतेत ते लहान दिसतात.

१९९८च्या अखेरीस अंटार्क्टिकावर उडवलेल्या बूमरँग या बलूनवरच्या दुर्बिणीचे निष्कर्ष एप्रिल २०००मध्ये आले, तेव्हा डागांचा हा कोन पहिल्यांदा एवढ्या स्पष्टपणे दिसला. नंतर डब्ल्यूमॅप आणि प्लँक या उपग्रहांनी तोच आकडा घासूनपुसून अचूक केला.

मग वक्रता नेमकी किती?

वक्रतेचा वाटा 'ओमेगा-के' या संख्येने सांगतात. शून्य म्हणजे सपाट, ऋण म्हणजे गोलासारखे बंद, धन म्हणजे खोगिरासारखे. चिन्ह उलटे आहे, इथे नवखे हमखास फसतात: ओमेगा-के ऋण असला की वक्रता धन असते.

प्लँकच्या २०१८च्या निष्कर्षांत, दीर्घिकांच्या वितरणाची मोजमापे जोडून, ओमेगा-के ०.०००७ आला, कमी-अधिक ०.००१९. यातून वक्रतेची त्रिज्या स्वतः काढून पाहा:

१. प्रकाशवेगाला हबल स्थिरांकाने, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाच्या आजच्या दराने, भागा. ६७.४ (किलोमीटर प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक) हा आकडा घेतला तर १४.५ अब्ज प्रकाशवर्षे येतात.

२. ओमेगा-केचे चिन्ह सोडून वर्गमूळ काढा. बंद बाजूला दोन प्रमाण-विचलनांपर्यंत, म्हणजे वरच्या 'कमी-अधिक'च्या दुपटीपर्यंत, गेलो तर ०.०००७ वजा ०.००३८, म्हणजे उणे ०.००३१. त्याचे वर्गमूळ ०.०५५७.

३. १४.५ला ०.०५५७ने भागा. सुमारे २६० अब्ज प्रकाशवर्षे.

म्हणजे विश्व गोलासारखे बंद असलेच, तर त्याची त्रिज्या साधारण एवढी तरी हवी आणि एका फेरीचे अंतर १,६०० अब्ज प्रकाशवर्षांच्या पुढे. दिसणाऱ्या विश्वाची त्रिज्या सुमारे ४६ अब्ज, पार्श्वप्रारणाच्या गोलाहून किंचित जास्त. ओमेगा-के तंतोतंत शून्य आहे असे मात्र मोजमाप कधीच सिद्ध करू शकणार नाही. प्रत्येक मोजमापाला त्रुटीची पट्टी असते आणि शून्य त्या पट्टीत बसते, एवढेच म्हणता येते.

'विश्व बंद आहे' अशी बातमी २०१९मध्ये आली होती. तिचे काय झाले?

ती बातमी हवेतली नव्हती. प्लँकची फक्त तापमान आणि ध्रुवणाची माहिती घेतली, बाकी काही जोडले नाही, तर ओमेगा-के उणे ०.०४४च्या आसपास येतो. दी व्हॅलेंतिनो, मेल्किओर्री आणि सिल्क या संशोधकांनी तो गांभीर्याने घ्यावा असे म्हटले.

अडचण अशी की पार्श्वप्रारण एकटे वक्रता आणि हबल स्थिरांक यांना नीट वेगळे करू शकत नाही. वक्रता थोडी वाढवा, हबल स्थिरांक कमी करा, डागांचा कोन तसाच राहतो. हे बंद विश्व पत्करले तर हबल स्थिरांक ५४च्या आसपास येतो, आणि दीर्घिका किंवा अतिनवताऱ्यांवरून केलेले अलीकडचे कोणतेही मोजमाप एवढे खाली जात नाही. प्लँकच्याच माहितीतली गुरुत्वीय भिंगाची वेगळी मोजणी जोडली की आकडा शून्याकडे सरकतो, दीर्घिकांची जोडली की शून्याला चिकटतो. काहीजण म्हणतात की एकमेकांशी न पटणारी माहिती अशी एकत्र करणेच चूक. आक्षेप तत्त्वतः रास्त आहे, पण हबल स्थिरांकाचा तो आकडा गिळणे अवघड आहे.

सपाट असूनही विश्व मर्यादित कसे असेल?

जुन्या मोबाइलवरचा सापाचा खेळ आठवा, भिंती नसलेला प्रकार. साप उजवीकडून बाहेर गेला की डावीकडून आत येतो, वरून गेला की खालून. पडदा पूर्ण सपाट, क्षेत्रफळ मर्यादित, तरी सापाला कडा म्हणून कुठे सापडत नाही. याला सपाट टोरस म्हणतात.

टोरस म्हटले की मेदूवड्याचे चित्र दाखवतात, आणि तिथेच गैरसमज होतो. वड्याचा पृष्ठभाग बाहेरून फुगीर आणि भोकाजवळ खोगिरासारखा असतो. ती वक्रता तीन मितींत वाकवल्यामुळे आलेली आहे. सापाच्या पडद्याला ती नसते. तीन मितींसाठी एक खोली घ्या: पूर्वेच्या भिंतीतून बाहेर पडलात की पश्चिमेच्या भिंतीतून आत, छतातून वर गेलात की जमिनीतून वर. ही खोली कशाच्याही आत वाकवलेली नाही, म्हणून 'तिच्या बाहेर काय' हा प्रश्न उरत नाही.

आइनस्टाइनची समीकरणे प्रत्येक बिंदूपाशी वक्रता काय हे सांगतात, दूरवरच्या भिंती कशा जोडल्या आहेत यावर ती काही बोलत नाहीत. रशियन गणिती फ्रीडमन यांनी १९२०च्या दशकातच हे लक्षात आणून दिले होते: विश्व मर्यादित की अमर्याद, हे केवळ या समीकरणांवरून ठरत नाही.

जोडण्याचे असे किती प्रकार आहेत?

सपाट आणि सर्व दिशांनी मर्यादित अशा अवकाशांचे नेमके १० प्रकार. त्यांपैकी ६ दिक्-सुसंगत, म्हणजे फेरी मारून आल्यावर डावे-उजवे उलटत नाही असे. सर्वांत साधा त्रिमितीय टोरस. बाकीच्यांत जोडण्यापूर्वी समोरची भिंत अर्धा, पाव, एक-तृतीयांश किंवा एक-षष्ठांश फेरा फिरवतात. सहावा हान्झ-वेन्ट अवकाश, त्यात तिन्ही दिशांना अर्ध्या फेऱ्याचे पीळ असतात.

धन वक्रतेचे प्रकार अनंत आहेत, पण त्यांचे पूर्ण वर्गीकरण झाले आहे. ऋण वक्रतेचे जंगल सर्वांत दाट.

एकच ठोकळा वेगळ्या पिळाने जोडला की भूमितीच बदलते, याचे सुंदर उदाहरण म्हणजे बारा पंचकोनी फलकांचा द्वादशफलक. समोरासमोरचे फलक ३६ अंशांचा पीळ देऊन जोडा: प्वांकारेचा द्वादशफलकी अवकाश मिळतो, धन वक्रतेचा, आणि त्याच्या १२० प्रती मिळून त्रिमितीय गोल पूर्ण भरतो. पीळ १०८ अंशांचा दिला तर सायफर्ट-वेबर अवकाश मिळतो, ऋण वक्रतेचा.

'फुटबॉलसारखे विश्व' हे तेच का?

हो. ऑक्टोबर २००३मध्ये फ्रेंच खगोलभौतिकशास्त्रज्ञ ल्युमिने आणि सहकाऱ्यांनी हा द्वादशफलकी अवकाश सुचवला. (फुटबॉलवर षट्कोनही असतात, यात नाहीत. नाव वर्तमानपत्री.) डब्ल्यूमॅपच्या नकाशात ६० अंशांपेक्षा मोठ्या कोनांवर चढउतार अपेक्षेपेक्षा फारच क्षीण होते. छोट्या तबल्यातून खर्ज निघत नाही, तसे मर्यादित अवकाशात त्याच्याहून लांब लहरी मावत नाहीत. त्यांच्या प्रारूपात एकूण घनता क्रांतिक घनतेच्या (विश्व सपाट असायला नेमकी लागते तेवढ्या घनतेच्या) १.०१३ पट लागत होती, आणि आकाशात सुमारे ३५ अंश त्रिज्येच्या जुळ्या वर्तुळांच्या सहा जोड्या दिसायला हव्या होत्या.

२००४मध्ये कॉर्निश, स्पर्गेल, स्टार्कमन आणि कोमात्सू यांनी २५ अंशांपेक्षा मोठी वर्तुळे शोधली. सापडली नाहीत. घनतेचा १.०१३ हा आकडाही आजच्या मोजमापात बसत नाही.

मोठ्या कोनांवरची क्षीणता अजून आहे, पण तिच्यावर फार भार टाकू नये. सर्वांत मोठ्या प्रमाणाच्या चढउतारांसाठी, म्हणजे चतुर्ध्रुवासाठी, आकाशात फक्त ५ स्वतंत्र संख्या मिळतात, त्यामुळे निव्वळ योगायोगाने ६३ टक्क्यांचा फरक पडू शकतो. दुसरे आकाश मिळणार नाही.

जुळी वर्तुळे म्हणजे काय, आणि ती का पडतात?

समजा विश्व खोलीसारखे जोडलेले आहे. मग आपली 'प्रत' एका ठरावीक अंतरावर आहे, आणि तिच्याभोवतीही पार्श्वप्रारणाचा ४५ अब्ज प्रकाशवर्षे त्रिज्येचा गोल आहे. प्रत ९० अब्जांपेक्षा जवळ असेल तर दोन गोल एकमेकांना छेदतात, आणि छेद वर्तुळ असतो. तेच वर्तुळ आपल्याला आकाशात दोन दिशांना दिसते. वर्तुळाच्या कोनीय त्रिज्येची कोज्या म्हणजे प्रतीचे अंतर भागिले गोलाचा व्यास.

प्रत ७० अब्ज प्रकाशवर्षांवर असेल तर त्रिज्या सुमारे ३९ अंश. ८० अब्जांवर २७. ८८ अब्जांवर १२. ९०च्या पुढे वर्तुळच नाही.

हे मी घरच्या संगणकावर करून पाहू शकतो का?

पाहू शकता. प्लँकचे नकाशे सर्वांना खुले आहेत. पायथॉनमधली हीलपाय ही लायब्ररी पुरते.

१. स्मिका किंवा कमांडर हा सफाई केलेला नकाशा घ्या. मूळ नकाशात ५,०३,३१,६४८ ठिपके असतात. सरावासाठी एन-साइड (नकाशाची बारकाई ठरवणारा आकडा) ६४पर्यंत खाली आणा, ४९,१५२ ठिपके उरतात.

२. आकाशगंगेचा पट्टा झाकणारा मुखवटा लावा. मग सरासरी आणि द्विध्रुव (आपल्या गतीमुळे आकाशाची एक बाजू गरम, उलटी बाजू थंड दिसते तो फरक) काढून टाका.

३. एक दिशा निवडा. तिच्याभोवती ठरावीक त्रिज्येचे वर्तुळ आखून त्यावरची तापमाने वाचा. बरोबर उलट दिशेभोवती तेवढ्याच त्रिज्येचे दुसरे वर्तुळ घ्या.

४. दुसरे वर्तुळ उलट क्रमाने वाचा. आत उभे राहून बाहेर पाहताना एक घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, दुसरे उलटे. ही पायरी विसरली तर खरी जुळणीही सापडणार नाही.

५. पिळाचा कोन ० ते ३६० अंश फिरवून सहसंबंध काढा. फूरिये रूपांतर वापरले तर सगळे पीळ एका झटक्यात होतात.

६. हे सर्व आधी टोरस विश्वाच्या कृत्रिम नकाशावर चालवा. मुद्दाम ठेवलेली वर्तुळे ज्या प्रोग्रॅमला सापडत नाहीत, त्याला खऱ्या आकाशात 'सापडले नाही' म्हणण्याचा अधिकार नाही.

कुठे फसायला होते? त्रिज्या ९० अंशांजवळ गेली की सहसंबंध एकदम उसळतो. तो शोध नव्हे: उलट दिशांची ९० अंशांची दोन वर्तुळे म्हणजे एकच वर्तुळ, ते स्वतःशी जुळणारच. दुसऱ्या टोकाला, ठिपके साधारण ०.९ अंशाचे असल्यामुळे १० अंश त्रिज्येच्या वर्तुळावर जेमतेम ६८ ठिपके येतात, आणि हजारो जोड्या तपासल्या की काही योगायोगाने जुळतातच. आणि खरी जुळी वर्तुळेही शंभर टक्के जुळत नाहीत. प्लाझ्माच्या हालचालीमुळे येणारा डॉप्लर परिणाम दोन बाजूंनी वेगळा दिसतो, आणि वाटेतल्या बदलत्या गुरुत्वाचा परिणाम दोन वाटांवर वेगळा असतो. उलट दिशेची अट सोडली तर दोन केंद्रे, त्रिज्या आणि पीळ मिळून सहा चल होतात, तिथे घरचा संगणक दमतो.

वर्तुळे सापडली नाहीत, म्हणजे विश्व अनंत ठरले का?

नाही. जवळची प्रत नाही, एवढेच ठरले. घनाकार टोरससाठी प्लँकच्या २०१५च्या विश्लेषणाने सांगितले की खोलीत मावणाऱ्या सर्वांत मोठ्या गोलाची त्रिज्या पार्श्वप्रारणाच्या अंतराच्या ०.९७ पटीपेक्षा जास्त हवी. पण एकाच दिशेने जोडलेल्या विश्वासाठी हीच मर्यादा ०.५६ इतकी सैल आहे.

पीळ असलेल्या अवकाशांत आणखी एक वाट मोकळी राहते, तिच्याकडे बरीच वर्षे दुर्लक्ष झाले. अर्ध्या फेऱ्याचा अवकाश घ्या: अक्षाच्या दिशेने ५० अब्ज प्रकाशवर्षे गेले की जग १८० अंश फिरून जोडले जाते. अक्षावर बसलेल्याला आपली प्रत ५० अब्जांवर दिसेल. पण आपण अक्षापासून ४० अब्ज बाजूला असलो तर प्रत अक्षाच्या पलीकडे जाते. अंतर ५० आणि ८० यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ, म्हणजे ९४ अब्ज. दोन फेऱ्या मारल्या तर १००. दोन्ही ९०च्या पुढे, वर्तुळ एकही नाही, आणि तरी विश्वाची एक बाजू दिसणाऱ्या विश्वाच्या व्यासाहून बरीच आखूड! वर्तुळांचा शोध 'आपल्यातून जाणारा सर्वांत आखूड वळसा' तपासतो, विश्वातला सर्वांत आखूड वळसा नव्हे. कॉम्पॅक्ट हा संशोधकांचा गट गेली काही वर्षे अशाच शक्यता एकेक करून तपासतो आहे.

वर्तुळांशिवाय दुसरा मार्ग?

जोडलेल्या विश्वात सर्व दिशा सारख्या नसतात, त्यामुळे पार्श्वप्रारणाच्या चढउतारांत दिशेनुसार बारीक सहसंबंध उरतात. वर्तुळे नसली तरी ते असू शकतात. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संशोधक तरुण सौरदीप आणि आमीर हाजियान यांनी २००३मध्ये याच कामासाठी द्विध्रुवी वर्णपटाची पद्धत मांडली. दीर्घिकांच्या जोड्यांमधली अंतरे मोजून पुनरावृत्ती शोधण्याची पद्धत १९९६पासून आहे, पण ऋण वक्रतेच्या अवकाशात ती चालत नाही. पार्श्वप्रारणाचे ध्रुवण जास्त कामाचे ठरेल, कारण वाटेतल्या बदलत्या गुरुत्वाची भेसळ त्यात होत नाही.

जोडलेले असेल तर आपलीच आकाशगंगा आकाशात दिसायला नको का?

दिसली तरी ओळखू येणार नाही. प्रकाशाला अब्जावधी वर्षे लागतात, म्हणजे दिसेल ते तिचे बाळपण, तेही वेगळ्या बाजूने. शिवाय वर्तुळांच्या शोधाने प्रत इतकी दूर ढकलली आहे की तिथून दीर्घिका जन्मल्यानंतरचा प्रकाश अजून पोचलेलाच नाही.

सरळ जाऊन फेरी पूर्ण करता येईल का?

नाही. प्रसरण वेग घेत आहे, त्यामुळे आज इथून निघालेला प्रकाश साधारण १६-१७ अब्ज प्रकाशवर्षांपलीकडे असलेल्या दीर्घिकांपर्यंत कधीच पोचणार नाही. फेरीचे अंतर त्याच्या कितीतरी पट.

विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे, मग ४६ अब्ज प्रकाशवर्षे कशी?

प्रकाश वाटेत असताना मागची वाटही ताणली गेली. पार्श्वप्रारण सुटल्यापासून अंतरे सुमारे १,०९० पटींनी वाढली आहेत. ४६ हे आजचे अंतर, १३.८ हा प्रवासाचा काळ.

फेरी मारून डावखुरा होऊन परत येईन असे विश्व शक्य आहे का?

गणितात आहे, सपाट मर्यादित प्रकारांपैकी चार तसेच आहेत. भौतिकशास्त्रात अडचण येते. दुर्बल आंतरक्रिया (काही किरणोत्सर्गी ऱ्हास घडवणारे मूलभूत बल) डावे-उजवे यांत भेद करते हे १९५७पासून माहीत आहे. आरशासोबत कणाचे प्रतिकण केले तरी भेद पुरता मिटत नाही, हे १९६४मध्ये कळले. तशा विश्वात फेरी मारून आलेल्याचे भौतिकशास्त्राचे नियम इथल्यांशी जुळणार नाहीत. म्हणून बहुतेक जण हे चार प्रकार बाजूला ठेवतात.

हे अवकाश डोळ्यांनी पाहायचे असतील तर?

गणिती जेफ वीक्स यांचे 'कर्व्ड स्पेसेस' हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्रिमितीय टोरस, द्वादशफलकी अवकाश वगैरेंत आतून उडत फिरता येते. त्यांच्याच 'टोरस गेम्स'मध्ये टोरसवर बुद्धिबळ खेळता येते. सुरुवात त्यानेच करा: पटाला कडा नसली की हत्ती कुठून येऊन मारेल याचा अंदाज बांधताना टोपॉलॉजी बोटांत उतरते.